‘देणारा मुरारी’ म्हणावं की गाळावं?

प्रश्न : सविनय जयभीम, मॅडम. मी उत्तर नागपुरात राहतो. सरकारी कार्यालयात लेखा विभागात आहे. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायची. गेल्या वर्षी तिला पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात आता बराच हलतो, पण बोलणं गेलं. समोरच्याचं सगळं कळतं, नेमका शब्द सापडत नाही. पाणी हवं असेल तर ‘खिडकी’ म्हणते, चुकलं हे तिलाच कळतं आणि रडायला लागते.

थेरपिस्ट म्हणाल्या, पूर्वीपासून पाठ असलेलं काहीतरी लयीत म्हणून घ्या. त्रिशरण-पंचशील म्हणून पाहिलं, ते ती म्हणते. पाढे म्हणते. मग एका संध्याकाळी मी मर्ढेकरांची ‘भंगू दे काठिण्य माझे’ सुरू केली. ही तिची वर्गातली लाडकी कविता. ती माझ्याबरोबर कडव्यामागून कडवं म्हणत गेली. आम्ही सगळे थक्क झालो. आता रोज रात्री जेवणानंतर आम्ही ती म्हणतो.

अडचण शेवटाकडे येते. ‘मागण्याला अंत नाही, आणि देणारा मुरारी.’ माझ्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला इथेच बाबासाहेबांकडून दीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञांतली दुसरीच सांगते, राम आणि कृष्ण यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही. म्हणून मी ते कडवं गाळून पुढे जातो. आई थांबते, माझ्याकडे बघते आणि एकटीच म्हणते, ‘मुरारी’. अगदी स्पष्ट.

कवी यशवंत मनोहर यांनी २०२१ मध्ये मंचावर सरस्वतीची प्रतिमा असणार म्हणून विदर्भ साहित्य संघाचा पुरस्कार नाकारला. तो बाणा मला मनापासून पटला होता. मग मी घरात हे काय करतोय? एक मित्र म्हणतो, अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स वाच. जी श्रद्धा उपयोगी पडते ती खरी. बाबासाहेबांचे गुरू जॉन ड्यूई त्याच परंपरेतले, असंही तो म्हणतो. आईचं बोलणं परत येतंय, तर ही प्रार्थना खरी मानायची का? आणि एक कबूल करतो. दिवसा ती चुकीचा शब्द बोलली की कधी कधी मी तिच्यावर खेकसतो. मग रात्री पहिलीच ओळ म्हणताना मान वर होत नाही.
(एक वाचक, इंदोरा)

उत्तर : जयभीम. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि उत्तर लिहायच्या आधी ती कविता पुन्हा मोठ्याने म्हटली.

आधी मित्राचं म्हणणं बाजूला करू, कारण सगळा गुंता तिथून सुरू झालाय. जेम्सबद्दल हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता मला त्याचा राग येतो. ‘उपयोगी ते खरं’ असं म्हणून जेम्स मोकळा झाला असता, तर बाजारातला प्रत्येक गंडा-ताईत खरा ठरला असता. त्याचं १८९६ चं श्रद्धेवरचं प्रसिद्ध व्याख्यान वाचा. त्याच्या समोर क्लिफर्ड होता. या इंग्रज गणितज्ञाने १८७७ मध्ये एका जहाजमालकाचं उदाहरण दिलं होतं. जहाज जुनं झालंय हे मालकाला माहीत आहे, पण तो मनाची समजूत घालतो की इतक्या सफरी झाल्या, ही पण होईल. जहाज बुडतं, माणसं मरतात. क्लिफर्ड म्हणतो, जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो दोषीच, कारण पुरेशा पुराव्याशिवाय विश्वास ठेवायचा त्याला अधिकार नव्हता. जेम्सने याला उत्तर दिलं, पण मोठ्या अटी घालून. पुराव्याने निकाल लागूच शकत नाही असा प्रश्न हवा. दोन्ही पर्याय आपल्यासाठी जिवंत, म्हणजे मनाला पटू शकतील असे, हवेत. निवड टाळताच येऊ नये, आणि तिच्यावर आयुष्यातलं काही मोठं अवलंबून असावं. एवढं सगळं असेल तरच मनाचा कौल घ्यायला हरकत नाही. जिथे पुरावा बोलतो तिथे पुराव्याचंच ऐकायचं, हे जेम्सलाही मान्य होतं.

आता तुमच्या घरात पुरावा काय सांगतो? आईचा उजवा हात गेला, म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या बाजूला. बहुतेक माणसांची भाषा त्याच बाजूला असते. नवं वाक्य जुळवायचं, शब्द शोधून काढायचा, हे काम तिथे चालतं आणि तेच अडलंय. पण जन्मभर घोकलेलं, लयीत बसलेलं बोलणं अनेक रुग्णांमध्ये शाबूत राहतं. आकडे, वार, पाढे, गाणी, श्लोक. ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही असा माणूस अख्खं गाणं म्हणतो, हे जगभरच्या थेरपिस्टांनी पाहिलंय. तुमच्या आईने ही कविता वर्गावर वर्ग शिकवली, म्हणून ती तिच्या जिभेवर आली. तिने दुसरी कविता तितक्याच वेळा म्हटली असती, तर ती आली असती. पाढेही येतात, हे तुम्हीच लिहिलंय. तेव्हा आईच्या वाचेवरून मुरारी आहे हेही सिद्ध होत नाही आणि नाही हेही. वाचेचा प्रश्न थेरपीचा आहे. तो थेरपिस्टकडेच राहू द्या, आणि कविता म्हणते म्हणून व्यायाम चुकवू नका.

मग या कवितेला श्रद्धेची कविता का म्हणायचं, आणि तिचं खरं-खोटं कुठे तपासायचं? इथे मला मर्ढेकरांपाशी जरा थांबायचंय.

मर्ढेकर म्हणजे १९४७ च्या ‘काही कविता’चे कवी. ओल्या पिपात मेलेले उंदीर मराठी कवितेत आणणारे. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला आणि त्यात ते निर्दोष सुटले. सौंदर्यशास्त्राचा इतका कठोर अभ्यासक की भोंगळ भावनेला ते दारात उभं करत नसत. हा माणूस गिरण्या, स्टेशनं, यंत्रं, पिचलेली माणसं यांच्यावर लिहायला बसतो आणि छंद निवडतो तो संतांचा. अभंग, ओवी. यात नुसता उपहास आहे असं पुष्कळांनी म्हटलं. मला ते कधीच पटलं नाही. माझ्या मते त्यांना ठाऊक होतं की संतांचा निश्चय आपल्या पिढीकडे उरलेला नाही, पण त्या निश्चयाची लय अंगात आहे, आणि ती लय प्रामाणिकपणे वापरता येते का हे त्यांना पाहायचं होतं. नागपूरच्या महाल भागात आमच्या घरी तिन्हीसांजेला हरिपाठ होत असे. पुढे मी तत्त्वज्ञान शिकले, शंका घेतल्या, श्रद्धा टिकली ती वेगळ्या रूपात टिकली. पण हरिपाठाची लय माझ्या कोणत्याही मताच्या आधीची आहे. तुमच्या आईच्या बाबतीत तर वाक्यं गेली तरी लय राहिली.

आता तुमची कविता घ्या. ती काय मागते? पैसा नाही, आयुष्य नाही, आजार बरा होणंही नाही. माझा ताठा मोडू दे, मनातला आंबटपणा जाऊ दे, जिभेचा लोभ जळू दे, ‘मी’चा कंजूषपणा जाऊ दे, सगळ्यांना पोटात घेता येऊ दे. आणि याच मागण्यांच्या रांगेत पुढची ओळ : ‘भावनेला येऊ दे गा शास्त्रकाट्याची कसोटी’. देवासमोर उभं राहून कवी काय मागतो, तर माझी भावना काट्यावर तोलली जाऊ दे! मराठीत प्रार्थना पुष्कळ आहेत, स्वतःची अशी तपासणी मागणारी मला दुसरी आठवत नाही. क्लिफर्डला ही ओळ आवडली असती, आणि जेम्सलाही.

मागणं असं असेल तर त्याची प्रचीती कुठे बघायची? म्हणणाऱ्यात. जेम्स-ड्यूईंच्या व्यवहारवादी तत्त्वज्ञानाचा मूळ प्रश्न तोच आहे : हे तुम्ही मानता, तर तुमच्या वागण्यात काय फरक पडतो? काहीच पडत नसेल, तर मानलं काय आणि न मानलं काय. आपल्या तुकडोजी महाराजांचं ‘मनी नाही भाव म्हणे देवा मला पाव’ विदर्भात पोराटोरांना पाठ आहे, त्यातही हाच तगादा आहे.

म्हणून तुमच्या पत्रातलं माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ‘मुरारी’चं नाही, खेकसण्याचं आहे. रात्री मान वर होत नाही, असं तुम्ही लिहिता. ती कविता तुमच्यावर काम करते आहे ती तिथे. दिवसा ‘खिडकी’ ऐकल्यावर तुम्ही क्षणभर थांबलात, ग्लास हातात घेऊन ‘पाणी?’ असं शांतपणे विचारलंत, तर पहिली ओळ तेवढ्यापुरती खरी झाली. खेकसलात, तर त्या दिवसापुरती ती खोटी पडली आणि रात्री पुन्हा म्हणायची. आईची वाचा किती परत येईल हे तुमच्या हातात नाही, कवितेच्याही नाही. हे मात्र आहे. आणि स्वतःला फार झोडपूही नका. आजारी माणसाजवळ चोवीस तास राहणाऱ्याचा धीर सुटतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी दुसऱ्या कुणाला आईजवळ बसवता येतं का बघा. एखादी बहीण, शेजारी, आईची जुनी विद्यार्थिनी. शिक्षिका होत्या म्हणता, विद्यार्थिनी नक्की असतील.

आता प्रतिज्ञा. तिचा अर्थ तुम्हाला सांगण्याचा अधिकार माझा नाही. मी विठ्ठल मानणाऱ्या घरातली बाई आहे. तुमच्या आजोबांनी त्या मैदानावर जे सोडलं ते कशासाठी सोडलं, हे मी वाचून जाणते, तुम्ही घरात ऐकून जाणता. तरी विचारलंय म्हणून मला दिसतं ते सांगते.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, ड्यूईंच्या वर्गात बसले, आणि १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलन’ या भाषणात त्यांनी ड्यूईंचा उल्लेख आपले शिक्षक, ज्यांचं आपल्यावर मोठं ऋण आहे, असा केलाय. ज्यांनी बोलावलं त्या लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने ते भाषण होऊच दिलं नाही, बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापलं. त्यात नियम आणि तत्त्व यांतला भेद आहे आणि त्यावर ड्यूईंची छाया स्पष्ट दिसते. नियम सांगतो, अमुक कर, अमुक करू नकोस. तत्त्व माणसाला स्वतः पारख करायला लावतं आणि म्हणून जबाबदारही ठेवतं. धर्म हा तत्त्वांचा असावा, नुसत्या नियमांचा असू नये, असा बाबासाहेबांचा आग्रह होता. ड्यूईंनी १९३४ मध्ये श्रद्धेवर छोटं पुस्तक लिहिलं, त्यात अलौकिकाचा आधार न घेता माणसाच्या जगण्यात जो धार्मिक गुण येऊ शकतो तो त्यांनी वेगळा काढला. आणि तुमच्या परंपरेत याच्या कितीतरी आधी कालाम नावाच्या लोकांना दिलेला बुद्धांचा उपदेश आहे : परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका, कुशल काय, अकुशल काय हे स्वतः जाणा आणि मग वागा. तुम्हाला जेम्सपर्यंत जायचीही गरज नव्हती.

प्रतिज्ञेतली क्रियापदं दोन आहेत, देव मानणं आणि उपासना करणं. तुमची आई यातलं काही करते का? बौद्ध घरातली ही शिक्षिका वर्षानुवर्षं वर्गात उभी राहून हे कडवं शिकवत होती. तिने ते मुलांसमोर गाळलं नसणार, कारण कवीचा शब्द कवीचा असतो. मी स्वतः वर्गात देव नाकारणाऱ्या कविता तितक्याच जोराने वाचल्या आहेत, वाचताना आवाज दबू दिला नाही. आई रात्री जो शब्द उच्चारते तो तिच्या जन्मभराच्या कामाचा शब्द आहे. जिला ‘पाणी’ सापडत नाही, तिला तो एकटीने, कुणाच्या मदतीशिवाय सापडतो. तो गाळून तिच्या तोंडून काढून घेऊ नका.

पण तुमचं तसं नाही. तुम्ही ‘कविता आहे, म्हणायला काय जातं’ असं म्हणून सुटू शकत नाही, कारण तुमच्यापुरती ती आता प्रार्थना झालीय. लाज कवितेची वाटत नाही, प्रार्थनेची वाटते. तेव्हा जे मनापासून मागता येत नाही ते तुम्ही म्हणू नये, हे बरोबरच. माझा सल्ला असा : कडवं उडवून पुढे जाऊ नका. त्या कडव्याशी आलात की तुम्ही गप्प व्हा आणि आईला म्हणू द्या. सुरुवातीला अडेल, तुमच्याकडे बघेल. थांबा. तुमचं गप्प राहणं ही तुमची प्रतिज्ञा, आणि तिचा आवाज तिचा. शिवाय थेरपीच्या दृष्टीने, सोबत नसताना तिने एकटीने ओळ म्हणणं जास्तच चांगलं असावं. थेरपिस्टना विचारून हे इतर कडव्यांतही हळूहळू करता येईल. त्रिशरण-पंचशीलही तसंच चालू ठेवा.

राहिला मनोहर सरांचा प्रश्न. त्यांचा निर्णय मला आदराचा वाटला, आजही वाटतो. सार्वजनिक मंचावर प्रतिमेच्या साक्षीने सन्मान घेणं ही मानण्याची खूण ठरते. तिथे गप्प राहिलं की होकार समजला जातो, म्हणून नकार उघड द्यावा लागतो. घरातल्या खाटेशी बसून आईला तिचा शब्द पूर्ण करू देणं यात कुणाला कसली खूण जात नाही. त्यांचा बाणा तुम्हाला पटला तो सोडायचं काही कारण मला दिसत नाही.

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात अमेरिकन कवी वॉलेस स्टीव्हन्सवर चर्चा झाली. देव गेला, आता कविताच त्याची जागा घेईल, असं आयुष्यभर लिहिणारा हा कवी मरताना कॅथलिक झाला म्हणे. मग त्याच्या कवितेचा पराभव झाला, असं एका सभासदाचं मत पडलं. आपल्याला काय वाटतं?
(एक वाचिका, धरमपेठ)

उत्तर : प्रसंग वादाचा आहे. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या रुग्णालयात स्टीव्हन्स वारले. तिथल्या पाद्र्यांनी पुढे सांगितलं की त्यांनी बाप्तिस्मा घेतला; मुलीने ते नाकारलं. त्यामुळे या गोष्टीवर कवितेचा निकाल टांगू नका.

मात्र तुमच्या सभासदांचा प्रश्न पोकळ नाही. स्टीव्हन्स विमा कंपनीत वरिष्ठ अधिकारी होते, जोखमीचा हिशेब रोजचा. हार्वर्डमध्ये ते शिकले तेव्हा जेम्स तिथेच शिकवत होते. ‘संडे मॉर्निंग’ ही त्यांची १९१५ ची कविता : रविवारी चर्चला न जाता एक बाई घरी कॉफी आणि संत्री घेऊन उन्हात बसते, आणि कविता विचारते की तिने आपलं वैभव मेलेल्यांना का द्यावं? पुढे त्यांनी मांडलं की शेवटी आपण एका कल्पितावर विश्वास ठेवतो, ते कल्पित आहे हे जाणून, आणि आपण होऊन. विचार देखणा आहे. पण मला तो पूर्ण पटत नाही. निवांत सकाळी तो पुरतो. वरच्या पत्रातल्या मुलाला, जो रात्री आईच्या खाटेशी बसतो, ‘हे कल्पित आहे’ ही जाणीव फार हात देईल असं वाटत नाही; त्याला काहीतरी करायला सांगणारी ओळ हवी, आणि ती मर्ढेकरांत आहे. स्टीव्हन्सची बाई कवितेच्या शेवटपर्यंत खुर्चीतून उठत नाही, हे पुन्हा वाचताना बघा.

पराभवाच्या भाषेत बोलायचंच तर कवी टी. एस. एलियट घ्या. ते १९२७ मध्ये चर्चमध्ये आले आणि लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांनी पत्रात लिहिलं की ते आता आपल्याला मेल्यातच जमा. त्याच एलियटांनी १९४१ मध्ये ‘द ड्राय साल्व्हेजेस’ लिहिली, तिच्यात रणांगणावरच्या अर्जुनाला कृष्ण काय म्हणाला याचा विचार येतो. ख्रिस्ती झालेला कवी गीता हातात घेतो ती कर्माच्या फळाचा हिशेब न ठेवता पुढे चला, एवढ्या एका गोष्टीसाठी. ती श्रद्धा आणि व्यवहार यांची गाठ मला स्टीव्हन्सपेक्षा जास्त घट्ट वाटते. पुढच्या बैठकीला तो भाग घ्या, शेजारी गीतेचा दुसरा अध्याय ठेवा, आणि तुमच्या सभासदांचं मत बदललं का ते मला कळवा.